कायद्याचे कपाट



चालक मंडळी मला बोलवायला आली तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हणालो, की या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. माझे शिक्षण शाळेच्या दाखल्यापुरतेच. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटाबाहेरच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि कायद्याच्या ग्रंथालयांतल्या मागच्या बाकावर. त्यावर ते म्हणाले, "मग त्या मागच्या बाकाबद्दलच बोला." म्हणून आज मी कायद्याच्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे. ती कोठे असतात, त्यांत आपल्याला हवे ते कसे शोधायचे आणि सापडल्यावर त्याचा उपयोग कसा करायचा, एवढाच माझा विषय. वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यास १८७५ साली ज्यांनी सुरू केली ते रानडे स्वतः न्यायाधीश होते. तेव्हा या मांडवाखाली कायद्याची गोष्ट निघाली तर ती परकी ठरू नये.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. पण ती ज्याच्यापाशी शेतीवाडी आहे आणि ज्याला कोर्ट टाळणे परवडते, त्याच्यासाठी आहे. ज्याला मालकाने तोंडी सांगितले की उद्यापासून येऊ नकोस, त्याला पायरी न चढून कसे चालेल? त्याला चढावीच लागते. मग प्रश्न एवढाच उरतो, की तो रिकाम्या हाताने चढतो की हातात काही घेऊन चढतो.

माझी चूक

मी स्वतः एकदा अर्धवट भरल्या हाताने चढलो. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण माझे पुढचे सगळे बोलणे त्या हकीकतीतून निघाले आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गोदामावर रात्रीची राखण करणारा एक पहारेकरी होता. मी त्याचे नाव सांगत नाही, गोदामाचेही नाही. सहा वर्षे त्याने काम केले. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची चिठ्ठी नाही. महिन्याच्या शेवटी वहीवर अंगठा आणि हातात नोटा. एके दिवशी त्याला काढले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हीच बघा आता." १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या वतीने संघटनेच्या पदाधिकाऱ्याला उभे राहण्याची मुभा होती. म्हणून वकील न लावता मीच उभा राहिलो.

त्या कायद्याप्रमाणे, ज्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केले त्याला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नव्हते. माझ्यापाशी एका जुन्या निवाड्याच्या मथळ्याची छायाप्रत होती. कोणीतरी कोणालातरी दिलेली, चार हातांतून आलेली. तिचा अर्थ मी असा लावला होता, की हजेरीपट मालकापाशी असतो, तेव्हा दिवस सिद्ध करणे हे त्याचे काम. मी पहारेकऱ्याचे प्रतिज्ञापत्र दाखल केले आणि निश्चिंत बसलो. समोरचे वकील उठले. त्यांनी एक जाड पुस्तक उघडले आणि २००२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा वाचला: रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध एस. टी. हादिमनी. २४० दिवस भरले हे दाखवण्याचा भार कामगारावर आहे आणि त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र तेवढ्याने पुरावा होत नाही, असे त्यात म्हटले होते. माझ्यापाशी दुसरा कागदच नव्हता. आमचा दावा गेला.

बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात बसून राहिलो. तेच वकील, वयाने वडील, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पुढारी, तुम्ही पुस्तक वाचले होते, पण त्याच्या नंतरचे पुस्तक वाचले नव्हते. आणि हजेरीपट हजर करावा म्हणून मालकाकडे साधी मागणी केली नव्हती. एका अर्जाचे काम होते." मग त्यांनी मला वकिलांच्या ग्रंथालयात नेले आणि कपाटे दाखवली. माझ्या विरुद्ध जिंकलेला माणूस माझा पहिला गुरू झाला. आज तुम्हांला सांगतो आहे ते बरेचसे त्या दुपारचे आहे.

कपाटात असते काय

कायद्याच्या ग्रंथालयात शिरले की एकसारख्या बांधणीची हजारो पुस्तके पाहून छाती दडपते. पण घाबरू नये. तिथे मुळात चारच प्रकारचा माल असतो.

पहिला प्रकार म्हणजे कायदा, संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला. तो पातळ पुस्तिकेत, कोणाच्याही टीकेशिवाय छापलेला मिळतो आणि बाजारात स्वस्तही असतो. दुसरा प्रकार म्हणजे कायद्याखाली सरकारने केलेले नियम, आदेश आणि अधिसूचना. हे राजपत्रात प्रसिद्ध होतात. तिसरा प्रकार न्यायालयांच्या निवाड्यांचा. भिंतीच्या भिंती भरतात त्या यांनीच. आणि चौथा म्हणजे भाष्यग्रंथ आणि सूचिग्रंथ, ज्यांत जाणत्यांनी पहिल्या तिन्ही प्रकारांची सांगड घालून दिलेली असते.

आपल्या गावचे उदाहरण घेऊ. आपला भाग उसाचा, कारखान्याचा. ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत आणि उशीर झाला तर वर्षाला शेकडा १५ टक्के व्याज मिळावे, ही गोष्ट सभांतून आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण ती लिहिली कोठे? पुष्कळ जण कायद्यात शोधतात आणि सापडत नाही म्हणून ती अफवा समजतात. ती आली १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात, आणि तो आदेश निघाला १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली. म्हणजे पहिल्या कपाटात नसलेली वस्तू दुसऱ्या कपाटात होती.

याच उसाची पुढची गोष्ट पाहा. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी शासन निर्णय काढून रास्त आणि किफायतशीर दर दोन हप्त्यांत देण्याची वाट मोकळी केली. शेतकऱ्यांच्या वतीने त्याला आव्हान दिले गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. यात शिकण्यासारखे हे, की कागदांनाही पायऱ्या आहेत. सर्वांत वर संविधान, त्याखाली कायदा, त्याखाली नियम आणि आदेश, त्याखाली शासन निर्णय, आणि सगळ्यांच्या खाली साहेबाच्या टेबलावरचे परिपत्रक. आपल्याला कचेरीत नेहमी परिपत्रक दाखवतात. नम्रपणे विचारावे, "साहेब, हे कोणत्या कायद्याखाली?" या एका प्रश्नाने पुष्कळ कामे होताना मी पाहिली आहेत.

निवाड्याचा पत्ता

आता भिंती भरून असलेल्या निवाड्यांकडे वळू. सरकारने निवाडे छापण्याची रीतसर व्यवस्था १८७५ च्या कायद्याने केली. त्या मालेचे नाव इंडियन लॉ रिपोर्ट्स. मुंबईत १८९९ पासून रतनलाल आणि धीरजलाल यांचे बॉम्बे लॉ रिपोर्टर निघू लागले. पुढे नागपुरात ऑल इंडिया रिपोर्टर सुरू झाले. वकील त्याला ए.आय.आर. म्हणतात, आणि साऱ्या हिंदुस्थानच्या न्यायालयांत त्याचे आकडे घोकले गेले. सारा देश ज्या पुस्तकातून कायदा वाचतो ते आपल्या नागपूरचे, याचा मला उगाच अभिमान वाटतो. कामगारांच्या खटल्यांसाठी १९४९ पासून लेबर लॉ जर्नल आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट वेगळे, आणि १९६९ पासून लखनौचे सुप्रीम कोर्ट केसेस वेगळे.

प्रत्येक निवाड्याला पत्ता असतो. नगर जिल्ह्यातल्या माणसाने पाठ करावा असा एक सांगतो: महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक, ए.आय.आर. १९८३ सुप्रीम कोर्ट ४६. आधी पक्षकारांची नावे, मग पुस्तकाचे नाव, मग साल, मग न्यायालय, मग पान. म्हणजे ए.आय.आर.च्या १९८३ सालच्या संचांतला सुप्रीम कोर्टाचा भाग काढा आणि ४६ वे पान उघडा. टपालाच्या पत्त्याहून हे अवघड नाही. आणि हा खटला कशाचा? औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ साली बसवले, त्याला आव्हान दिले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठ कायम ठेवले. आपला जिल्हा त्याच खंडपीठाखाली येतो. ज्याला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत होती त्याचा प्रवास या एका पानाने कमी झाला.

एकच निवाडा चार मालांत छापला जातो, म्हणून त्याचे चार पत्ते असतात. एका ग्रंथालयात ए.आय.आर. नसेल तर दुसऱ्या मालेतला पत्ता विचारावा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निवाड्याला स्वतःचा क्रमांक देते, तो कोणत्याही प्रकाशकावर अवलंबून नाही. त्याच वर्षापासून त्या न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट संगणकावर फुकट पाहता येऊ लागले आणि काही निवाडे मराठीतही मिळू लागले. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायदेही विनामूल्य आहेत. आता ग्रंथालय खिशात आले, असे तरुण मला म्हणतात. आले खरे. पण खिशातल्या कपाटातही शोधायची रीत तीच लागते. रीत ठाऊक नसेल तर हजार निवाडे एका क्षणात पुढे येतात आणि माणूस पहिला दिसेल तो उचलतो. मीही पूर्वी तेच केले होते, फरक इतकाच की माझा कागदाचा होता.

शोधायची रीत

रीत सांगतो. सुरुवात निवाड्यांच्या भिंतीपासून कधीही करू नये. आधी घरी बसून आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. "माझ्यावर अन्याय झाला" हा प्रश्न नव्हे. "हंगामी कामगाराला ग्रॅच्युइटी किती मिळते?" हा प्रश्न. मग पातळ पुस्तिकेत त्या विषयाचे कलम काढावे आणि ते तीनदा वाचावे. पहिल्याच कलमांत शब्दांच्या व्याख्या असतात, त्या आधी पाहाव्यात. कामगार, मालक, वेतन हे शब्द कायद्यात आपल्या बोलण्यातल्या अर्थाने येतातच असे नाही.

कलमातले परंतुक तर सोडूच नये. इंग्रजीत जिथे वाक्य संपल्यासारखे वाटते आणि मग "परंतु" म्हणून नवे वाक्य सुरू होते, ते परंतुक. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या चौथ्या कलमात दरवर्षाला १५ दिवसांचे वेतन सांगितले आहे, आणि हंगामी कामगार ते वाचून निराश होतो, कारण त्याचे वर्ष कधी भरतच नाही. पण खाली परंतुक आहे: हंगामी कारखान्यात जो वर्षभर कामावर नसतो त्याला प्रत्येक हंगामाला ७ दिवसांच्या वेतनाप्रमाणे ग्रॅच्युइटी द्यावी. त्याच कायद्याच्या कलम २-क मध्ये असे आहे, की कारखाना जितके दिवस चालला त्याच्या शेकडा ७५ टक्के दिवस काम केले असेल तर हंगामी कामगाराची सेवा अखंड धरावी. वीस हंगाम भट्टीपाशी किंवा वजनकाट्यापाशी काढलेल्या माणसाचे म्हातारपणाचे पैसे त्या दोन ओळींत आहेत. मोठे कलम वाचून उठलेला माणूस ते पैसे तिथेच ठेवून येतो.

कलम समजले की भाष्यग्रंथ घ्यावा. औद्योगिक विवादांवर मल्होत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. असे ग्रंथ प्रत्येक कायद्यावर असतात. त्यांत कलमाखाली विषयवार निवाडे दिलेले असतात. त्यांतले तीनचार पत्ते वहीत उतरावे, आणि मगच भिंतीकडे जावे.

भाषेची अडचण मोठी, हे मी जाणतो. मी इंग्रजी शिकलो ते कायद्याच्याच पुस्तकांतून, एका हातात कोश घेऊन. राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, आणि अनेक केंद्रीय कायद्यांची मराठी भाषांतरेही निघाली आहेत. पहिला निवाडा वाचायला मला चार दिवस लागले होते. दहावा एका संध्याकाळी झाला. कायद्याचे इंग्रजी अवघड असते, पण त्याचे शब्द थोडे आणि तेच ते असतात.

निवाडा शेवटपर्यंत वाचावा

निवाड्याच्या वर बारीक अक्षरांत मथळा असतो. तो न्यायमूर्तींचा नसतो, बहुधा छापणाराचा असतो. तो वाट दाखवायला आहे, पुरावा म्हणून नव्हे. याचा दाखला साखर धंद्यातलाच देतो.

पंजाबातल्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याचा खटला १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात निघाला. हंगाम संपल्यावर हंगामी कामगारांना थांबवणे ही कामगारकपात आहे काय, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, नाही. मथळा वाचणारा इथे पुस्तक मिटतो आणि येऊन सांगतो, कामगार हरले. पण शेवटपर्यंत वाचणाराला पुढे आणखी एक गोष्ट सापडते. कारखान्याने या कामगारांची नोंदवही ठेवावी, नवा हंगाम सुरू होताना ते राहतात त्या आसपासच्या गावांत जाहीर करावे आणि जे येतील त्यांना ज्येष्ठतेप्रमाणे आणि कामाच्या गरजेप्रमाणे घ्यावे, असा आदेश त्यात आहे. दर हंगामाला कोणाला बोलवायचे आणि कोणाला वगळायचे हे मुकादमाच्या मर्जीवर असावे की ज्येष्ठतेच्या यादीवर, हा आपल्या भागात केवढा मोठा प्रश्न आहे ते मी तुम्हांला सांगायला नको. उत्तर हरलेल्या खटल्याच्या शेवटी होते.

दुसरा दाखला २४० दिवसांच्या हिशेबाचा. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या एका कामगाराचे दिवस रविवार आणि सुट्या धरून २७५ होत होते, सोडून २२०. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली रविवार आणि सुट्या धरल्या, आणि माणूस तरला. पण का धरल्या हेही वाचले पाहिजे. कायद्याने किंवा कराराने त्या दिवसांचे वेतन त्याला मिळत होते, म्हणून. ज्याला रविवारचे वेतनच नाही त्याने हा निवाडा पुढे केला तर समोरचा वकील हसेल. निवाड्यातली हकीकत आणि आपली हकीकत जुळते का, हे ताडून पाहिल्याशिवाय निवाडा उचलू नये. दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगाला बसत नाही.

जाता जाता एक सांगतो. हा रविवार गिरणी कामगारांना आपोआप मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन, अर्जावर अर्ज करून तो मिळवला. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली. एका पिढीने मागितलेली सुट्टी पंचाण्णव वर्षांनी दुसऱ्या पिढीच्या कामगाराच्या हिशेबात दिवस म्हणून धरली गेली. अर्ज, कायदा आणि निवाडा यांची साखळी अशी लांब असते.

आज तो जिवंत आहे काय

आता सर्वांत महत्त्वाचे, जिथे मी पडलो ते. निवाडा सापडला, पूर्ण वाचला, हकीकत जुळली. तरी एक काम उरते. त्याच्यानंतर काय झाले? वरच्या न्यायालयाने तो फिरवला काय? मोठ्या पीठाने मत बदलले काय? पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे म्हणणे दोघांच्या पीठाने मोडता येत नाही, म्हणून किती न्यायमूर्ती बसले होते तेही वहीत लिहावे. पुढचे निवाडे शोधायला सूचिग्रंथ असतात, संगणकावर तर हे काम आणखी सोपे झाले आहे.

माझ्या पहारेकऱ्याच्या प्रश्नाचेच पाहा. २००२ च्या निवाड्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आर. एम. येल्लाट्टी यांच्या खटल्यात हा प्रश्न पुन्हा पाहिला. तो २००६ च्या सुप्रीम कोर्ट केसेसच्या पहिल्या खंडात १०६ व्या पानावर आहे. त्यात म्हटले, की भार कामगारावरच, नुसत्या प्रतिज्ञापत्राने भागणार नाही. पण कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे आणि हजेरीपट, वेतनपट, नेमणुकीचे पत्र हजर करण्याची मालकाकडे मागणी करावी. मालकाने ते दडवले तर न्यायालय हकीकत पाहून त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणजे त्या वडील वकिलांनी व्हरांड्यात मला सांगितले तेच. त्यानंतर अशा प्रत्येक प्रकरणात माझा पहिला कागद हजेरीपटाच्या मागणीचा असतो, आणि त्या एका कागदावर काही माणसांची भाकरी परत मिळाली आहे.

निवाड्यासारखाच कायदाही बदलतो. २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मी आज ज्यांची नावे घेतली ते १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दोन्ही त्यांत गेले. मग हे सगळे सांगणे वाया गेले काय? नाही. कायदा रद्द झाला तरी त्याच्या काळात माणसाला मिळालेला हक्क सहसा मरत नाही; १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्याचे सहावे कलम त्यासाठीच आहे. म्हणून पहिला प्रश्न हा, की गोष्ट घडली कोणत्या तारखेला? त्या तारखेला कोणता कायदा चालू होता? जुनी तारीख असेल तर जुने पुस्तक, नवी असेल तर नवे. हंगामाला ७ दिवसांचे परंतुक सामाजिक सुरक्षा संहितेच्या ५३ व्या कलमात पुन्हा आलेले आहे, पण कलमाचा आकडा बदलला. अर्जात जुना आकडा घातला तर अर्जावर शेरा येणारच. आणि राज्याचे स्वतःचे कामगार कायदे केंद्राच्या कायद्यांहून निराळे आहेत, ते वेगळे पाहावे. ग्रंथपालाला जुनी पुस्तके रद्दीत घालू नका असे मी सांगतो ते यासाठी.

पुस्तकाची मर्यादा

आता थोडे सावधगिरीचे. पुस्तक वाचून मनुष्य वकील होत नाही. चार निवाडे वाचून वकिलाला शिकवायला जाणारा अशील स्वतःचे नुकसान करून घेतो. आपण वाचावे ते आपला प्रश्न नीट मांडता यावा, वकिलाने काय केले ते समजावे आणि मुदत चुकू नये म्हणून. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम वाचा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्या जोडीला औद्योगिक कामगारालाही तिथे फुकट कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात त्याची कचेरी असते.

आणि सर्वांत मोठी मर्यादा ही, की ग्रंथालयात कायदा सापडतो, पुरावा सापडत नाही. पुरावा आपल्या घरी, ट्रंकेत असतो. पगाराची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड, उसाच्या वजनाची पावती, अर्जाची पोच. मी गेटावर नेहमी सांगतो, कागद चुलीत घालू नका. कपाटातले पुस्तक आणि ट्रंकेतला कागद एकत्र आले म्हणजे दावा उभा राहतो. एकटे पुस्तक उपयोगाचे नाही, एकटा कागदही नाही.

शेवटी एक मागणे मागतो आणि संपवतो. वकिलांची ग्रंथालये वकिलांसाठी असतात. तिथे सामान्य माणसाला ओळखीने, परवानगीने जावे लागते. विधी महाविद्यालयांतही तसेच. मला पुष्कळांनी उपकार म्हणून बसू दिले. पण हक्काचे ज्ञान उपकाराने का मिळावे? आपल्या गावच्या वाचनालयात कादंबऱ्यांच्या शेजारी एक कपाट कायद्याचे ठेवा. फार काही लागत नाही. संविधान मराठीत, चार कामगार संहिता आणि त्यांनी बाद केलेले जुने कायदे, ऊस आणि जमिनीचे कायदे, एकदोन भाष्यग्रंथ, न्यायव्यवहार कोश. शेजारी एक संगणक, आणि शनिवारी दोन तास बसणारा एखादा शिक्षक किंवा निवृत्त कारकून, जो येणाराला नुसते विचारील: "तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगा. तारीख कोणती?" मी स्वतः महिन्यातला एक शनिवार द्यायला तयार आहे.

तो पहारेकरी आता या जगात नाही. दावा गेल्यावर तो पुन्हा मोलमजुरीला लागला. रस्त्यात भेटला की रामराम करी आणि म्हणे, "भाऊ, तुम्ही लई खटपट केली." त्याने मला कधी दोष दिला नाही. दोष माझा होता हे त्याला ठाऊकच नव्हते, आणि त्याला ते सांगण्याचा धीर मला झाला नाही. आज तुम्हां सर्वांसमोर सांगितले.